न वाचता खोडलेलं पान

लिफ्ट बंद होती. बंद म्हणजे नेहमीसारखी रुसलेली नव्हे. दाराला दोरी बांधून त्यावर ‘काम चालू आहे’ अशी पाटी लटकवलेली, म्हणजे पक्की बंद. आणि तिच्या दोन्ही हातांत पिशव्या, एकेका पिशवीत अकरा-अकरा पुस्तकं, घर चौथ्या मजल्यावर, कंबर सकाळपासूनच कुरकुरत असलेली. रागवायचं म्हटलं तरी अंगात थोडं बळ लागतं. ते नव्हतं, म्हणून ती मुकाट्याने जिना चढू लागली.

दुसऱ्या मजल्याच्या वर, जिन्याच्या वळणावर, एक माणूस पायरीवर बसला होता. भिंतीला डोकं टेकलेलं, डोळे मिटलेले. शेजारी हत्यारांची पिशवी, मांडीवर उघडा डबा, आणि हातातला घास हातातच राहिलेला. घास तोंडापर्यंत नेता नेता झोपी जाणारं माणूस तिने आजवर फक्त आरशात पाहिलं होतं.

“पाटी म्हणते काम चालू आहे,” ती म्हणाली, “इथे तर काम झोपलंय.”

त्याने डोळे उघडले. दचकला नाही, ओशाळलाही नाही. तेवढं करायलाही तो दमलेला होता.

“काम चालूच आहे. मी जरा थांबलोय.”

“किती वेळ थांबणार?”

“तुमचा मजला कुठला?”

“चौथा.”

त्याने तिच्या पिशव्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “अरेरे... मग आजच्या दिवस मला माफ करा. मोटरचा एक भाग उद्या मिळणार आहे.”

“माफी ठेवा तुमच्याजवळ. एक पिशवी घ्या.”

तो हसला. घास डब्यात ठेवला, हात फडक्याला तीन-तीनदा पुसले आणि एक नव्हे, दोन्ही पिशव्या उचलल्या. अर्ध्या जिन्यात म्हणाला, “विटा आहेत का यात?”

“पुस्तकं.”

“बाप रे, एवढी वाचता?”

“वाचायला वेळ कुणाला आहे? शिवते.”

तो पायरीवर थांबला आणि तिच्याकडे असा बघत राहिला, की तिला उगाच पदर सारखा करावासा वाटला. पुस्तकं शिवणारी बाई त्याने कधी पाहिली नव्हती. तिच्याकडेही खरं म्हणजे कुणी बऱ्याच दिवसांत असं थांबून बघितलं नव्हतं.

आता तिची हकीगत थोडक्यात सांगते, कारण तिची हकीगत थोडक्यातच होती. वडील बाइंडर. चाळीस वर्षं त्यांनी फाटकी पुस्तकं धड केली, मग डोळ्यांवर पडदा आला, हात थरथरायला लागले, आणि दाभण-दोरा आपसूक लेकीच्या हातात आला. दर महिन्याला वाचनालयातून फाटक्या पुस्तकांच्या पिशव्या यायच्या आणि घरातल्या एकुलत्या एका मोठ्या टेबलावर ओतल्या जायच्या. जेवण ताट मांडीवर घेऊन, कारण टेबलावर कायम एखादं पुस्तक पुठ्ठ्याखाली दाबलेलं असायचं. लग्नाचं वय येऊन गेलं तेव्हा ती बहुतेक कुठल्यातरी शब्दकोशाची पाठ चिकटवत होती. चौतीस संपून पस्तिसावं लागलं तेव्हाही तेच.

वडिलांचे दोन नियम होते. पहिला, आधी खोडायचं, मग शिवायचं. वाचनालयाच्या पुस्तकांत लोक काय वाटेल ते पेन्सिलीने लिहितात. ते सगळं रबराने साफ करून मगच चिकटवायच्या खळीला हात लावायचा. दुसरा, पुस्तकातून निघालेली चिंधीसुद्धा महिनाभर टाकायची नाही. पुस्तकाचं नाव घातलेल्या पाकिटात ठेवायची. “मालकाला कधी काय आठवेल, सांगता येत नाही,” ते म्हणत. महिनाअखेरीला पाकिटं उघडायची, चाचपायची, मगच केरात. इतक्या वर्षांत कुणाला काही आठवलं नव्हतं, पण नियम म्हणजे नियम.

तर, लिफ्ट दुसऱ्या दिवशी सुरू झाली आणि आठवड्याने पुन्हा बंद पडली. म्हातारीच होती ती. लिफ्टची मोटर गच्चीवरच्या खोलीत, आणि गच्चीचा जिना हिच्या दारासमोरून जाणारा. त्याला येता-जाता पाणी हवं असायचं. पाण्याचा चहा कधी झाला ते कुणी बघितलं नाही.

तो टेबलापासून हातभर लांब, भिंतीला पाठ लावून बसायचा. “माझे हात तेलाचे आहेत,” म्हणायचा, “तुमच्या राज्यात शोभायचे नाहीत.”

“तुमच्या राज्यात किती लिफ्ट?”

“अठरा इमारती, अठरा लिफ्ट, आणि मी एकटा. एकीची समजूत काढून येतो तोवर दुसरी अडून बसते.”

“म्हणजे अठरा जणींचा संसार आहे की!”

“आहे ना. पण घरी गेलं की ‘दमलास का’ विचारणारी त्यातली एकही नाही.”

तो हे हसत बोलला. ती मात्र हसली नाही. तिने गुपचूप त्याच्या कपात आणखी थोडा चहा ओतला. तिकडून खुर्चीतून वडील म्हणाले, “वरखाली आला का गं?” त्यांनी त्याचं नाव ‘वरखाली’ ठेवलं होतं. तो तिला ‘चौथा मजला’ म्हणायचा. “काय चौथा मजला, आज काय फाटलंय?” असं दारातूनच. सगळ्यांना मजल्यावरूनच ओळखतो म्हणे. पण तिसऱ्या मजल्याला त्याने कधी या सुरात हाक मारल्याचं ऐकिवात नाही.

एकदा तो तिचं खोडणं बराच वेळ बघत राहिला. डावा हात पान धरतो, उजवा रबर फिरवतो, फुंकर, पान उलटतं. फुंकर, पान उलटतं.

“खोडताना वाचता का हो?”

“पहिल्या वर्षी वाचायचे. लोक काय काय लिहितात! भांडतात, रडतात, कुणाकुणाला निरोप ठेवतात. आता नाही वाचत. आता हात चालतो आणि डोळे झोपलेले असतात.”

“आणि पेनाने लिहिलेलं असलं तर?”

“पेनाने लिहिणाऱ्याचा मला राग येतो. परतीची वाटच ठेवत नाहीत! पेन्सिलीचं बरं. नको असेल तर खोडून टाकायचं. लिहिणाऱ्याला दुःख नाही, खोडणाऱ्याला पाप नाही.”

“हो... ते बरं,” तो म्हणाला, आणि कपाच्या तळाशी बघत बसला.

पुढच्या वेळी त्याने येताना एक पुस्तक आणलं. जुन्या लिफ्टची माहिती देणारं, त्याच्या उस्तादाने त्याला दिलेलं. त्या लिफ्ट बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली, दुसरी प्रत कुठे मिळायची नाही. पाठ निघालेली, कोपरे झिजलेले, आणि तेल तर इतकं प्यायलेलं, की पिळलं असतं तर एखादी मोटर चालली असती.

“होईल हे नीट?”

“पंधरा दिवस द्या.”

“सगळं पेनाचं उस्तादाचं आहे. ते राहू द्या.”

“पेनाचं जात नाही म्हटलं ना.”

“आणि ते शेवटचं पान... कोरं, पुठ्ठ्याच्या आधीचं...” तो दाराशी घुटमळला. “तेवढं जरा सावकाश बघा.”

“सगळं सावकाशच बघते मी,” ती म्हणाली. मागे गॅसवर खळ उकळत होती, वडील हाका मारत होते, दोन रात्रींची झोप डोळ्यांत साचली होती. तिने पुस्तक घेतलं आणि ढिगावर ठेवलं.

तुम्हाला म्हणून सांगते, त्या शेवटच्या पानावर त्याने लिहिलं होतं. पेन्सिलीने, बारीक अक्षरात, तिच्यासाठी. अहो, लिफ्टवाल्याने आपलं सगळं धाडस त्या तीन-चार ओळींत ओतलं होतं! आणि हिने काय केलं?

हिने तेच केलं जे रोज करायची. डावा हात पान धरतो, उजवा रबर फिरवतो. त्या आठवड्यात वडिलांना ताप होता. ती उशाशी बसून पानं साफ करत होती. एक कान त्यांच्या श्वासाकडे, एक डोळा घड्याळाकडे. पेनाचं टाळायचं, पेन्सिलीचं जायचं. शेवटचं पान आलं, रबर फिरलं, फुंकर मारली, संपलं. पुढे चिकटवायला घेतलं तर त्या पानावर खळ धरेना. तेलकट कागदावर खळ कधी धरत नाही. मग तिने ते काढलं, पाकिटात टाकलं आणि तिथे नवं पांढरंशुभ्र पान लावलं. काम इतकं सुबक झालं, की वडिलांनीसुद्धा बोटं फिरवून “वा” म्हटलं.

तो पुस्तक न्यायला आला तो भांग पाडून. हात कोपरापर्यंत धुतलेले, सदरा इस्त्रीचा. ते तिच्या लक्षात आलं. मनात म्हणाली, कुठे लग्नाला वगैरे निघालेला दिसतोय.

त्याने पुस्तक घेतलं आणि पुढून न उघडता एकदम मागून उघडलं. पांढरं पान बघून थबकला.

“ते... जुनं पान?”

“अहो, ते!” ती कौतुकाने म्हणाली. “आधी खोडून बघितलं, तरी ते काही कामाचं नव्हतं. मग काढूनच टाकलं. आता बघा कसं कोरं करकरीत झालंय.”

त्याने मग त्या कोऱ्या पानावरून अंगठा फिरवला.

“कळलं,” तो म्हणाला. “छान झालंय. खरंच... छान झालंय.”

“चहा ठेवलाय.”

“नको. आज नको.”

आणि गेला. चहा उतू गेला तेव्हा ती दारातच उभी होती आणि आपलं काय चुकलं, याचा विचार करत होती.

त्यानंतर लिफ्ट एकदा बिघडली तेव्हा दुसराच कारागीर आला. झुपकेदार मिशांचा, शीळ घालणारा. पाणी मागितलं नाही. “नेहमीचे कुठे आहेत?” तिने सहज विचारल्यासारखं विचारलं. “मी नवाच लागलोय, त्यांनी ही इमारत मला दिली,” मिशा म्हणाल्या. आणि या बाबाने लिफ्ट अशी काही दुरुस्त केली, की ती बिघडायचं नावच घेईना! वर जाते, खाली येते, वर जाते, खाली येते. आयुष्यात पहिल्यांदा तिला चालू लिफ्टचा राग आला.

राग गिळून ती काम करत राहिली. पण काहीतरी बदललं होतं. पूर्वी ती दमायची आणि झोपायची. आता दमायची आणि जागी राहायची. जिन्यात हत्यारं वाजली की हात थांबायचा. भिंतीवर, तो टेकून बसायचा तिथे, डोक्याच्या उंचीवर तेलाचा एक पुसट डाग होता. ती रोज फडकं घेऊन तिथपर्यंत जायची आणि न पुसता परत यायची. खोटं कशाला बोला, तिला तो हवा होता. त्याचा तो ‘काय चौथा मजला’ हवा होता. पस्तीस वर्षांत तिने स्वतःसाठी फारसं काही मागितलं नव्हतं, आणि आता मागावंसं वाटलं तर मागायचं कुणाकडे, मिशांकडे?

महिनाअखेर आली. सकाळी दोघं बापलेक खिडकीपाशी पाकिटं घेऊन बसले. ती एकेक पाकीट उघडून चिंध्या वडिलांच्या हातात द्यायची, ते बोटांनी चाचपून टोपलीत टाकायचे. सुताचा तुकडा, टोपलीत. पुठ्ठ्याचा कोपरा, टोपलीत. मग त्यांच्या हातात ते तेलकट पान आलं आणि थरथरणारी बोटं पानावर थांबली.

“हे कुणाचं गं?”

“लिफ्टवाल्यांचं. टाका.”

“टाका काय? लिहिलंय यावर.”

“खोडलंय मी ते, बाबा.”

“शिसं खोडलंस. दाब कुठे जातो? चांगलं जोर देऊन लिहिलंय पोराने.” त्यांनी पान पुढे केलं. “माझे डोळे गेले, तुझे कुठे गेले?”

तिने पान घेतलं. समोरून धरलं, काही नाही. मग खिडकीतून येणाऱ्या तिरप्या उन्हात आडवं धरलं. कागदावर बारीक बारीक खाचा उठल्या, त्यांची अक्षरं झाली, अक्षरांच्या ओळी.

‘तुम्ही नेहमी दमलेल्या असता. मीही दमलेला असतो. असं वेगवेगळं दमण्यापेक्षा दोघं एकाच घरात दमलो तर? बाबांसकट. नको असेल तर खोडून टाका, मी पुन्हा कधी विषय काढणार नाही.’

“अगं बाई...” ती म्हणाली, आणि होती तिथेच फरशीवर बसली. खोडून टाका म्हणाला होता, आणि तिने खोडलं होतं. वर तोंडाने सांगितलंही होतं, काही कामाचं नव्हतं, काढूनच टाकलं! हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं.

“काय लिहिलंय?” वडिलांनी विचारलं.

तिने वाचून दाखवलं. ‘बाबांसकट’पाशी ती अडखळली, पण तिने शेवटपर्यंत वाचलं.

वडील मग म्हणाले, “चाळीस वर्षं मी तो पाकिटांचा नियम पाळला. म्हटलं, एखाद्या दिवशी कुणाच्यातरी उपयोगी पडेल. तो माझ्याच घरी उपयोगी पडायचा होता!” आणि तोंड वळवून डोळे पुसले. “बघतेस काय? ऊठ.”

ती उठली. आधी टेबलाशी बसून अर्धा तास काहीतरी केलं. मग लिफ्टने तळमजल्यावर गेली आणि पहारेकऱ्याकडून लिफ्टची तक्रारवही मागून घेतली. त्या वहीचा एक दंडक होता: नोंदलेली तक्रार कारागिराची सही झाल्याशिवाय मिटत नाही. तिने पेन उघडलं. हो, पेन! आणि लिहिलं:

‘मजला: चौथा. तक्रार: एक पान न वाचता खोडलं गेलं. आज वाचलं. नेहमीच्या कारागिराने स्वतः यावं, बदली चालणार नाही.’

पहारेकरीकाकांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. “ताई, यात लिफ्टची तक्रार कुठे आहे?”

“आहे काका. तुम्ही फक्त त्यांना फोन करून वाचून दाखवा. जसंच्या तसं.”

तासाभरात जिन्यात हत्यारं वाजली. ती दारात उभी होती. तो वर आला तो धापा टाकत, सदऱ्याला घामाचे आणि तेलाचे डाग, आजच्या दिवसातल्या कितव्यातरी लिफ्टवरून तसाच उठून आलेला.

“लिफ्ट चालू आहे की,” ती म्हणाली. “जिन्याने का आलात?”

“लक्षातच आलं नाही.” त्याने श्वास घेतला. “वहीत काय लिहिलंय तुम्ही?”

“काकांनी वाचून दाखवलं नाही?”

“तीन वेळा दाखवलं. तिसऱ्यांदा मीच वाचायला सांगितलं.”

दोघंही जमिनीकडे बघायला लागले. मग तीच बोलली, आणि बोलली ती भांडणाच्या सुरात, कारण दुसरा सूर सापडेना. “तुम्हाला सांगितलं नव्हतं का मी, की खोडताना वाचत नाही? डोळे झोपलेले असतात म्हणून? मग तिथे लिहिलंत कशाला?”

“वाटलं... माझं लिहिलेलं आलं की जागे होतील.”

तिने आत जाऊन ते पान आणलं आणि त्याच्या हातात दिलं.

त्याच्या खाचांवरून तिने पेनाने अक्षर न् अक्षर गिरवलं होतं. कुठे तेलामुळे शाई पसरली होती, तिथे दोनदा. ‘तुम्ही नेहमी दमलेल्या असता’पासून ‘बाबांसकट’पर्यंत सगळं. त्याने सावकाश वाचलं, आणि मग खालच्या रिकाम्या जागेवर अंगठा फिरवला.

“इथे आणखी एक वाक्य होतं,” तो म्हणाला. “खोडून टाका म्हणून. ते गिरवायचं राहिलं.”

“राहिलं नाही. ते मला नको होतं.”

त्याने तिच्याकडे पाहिलं, थांबून, त्या पहिल्या दिवसासारखं. या वेळी तिने पदर सारखा केला नाही. तीही बघत राहिली.

“पेनाने लिहिलंत,” तो हळूच म्हणाला. “परतीची वाट ठेवली नाहीत.”

“नाही ठेवली. आत या. ते पान तुमच्या पुस्तकात परत बसवायचंय. खळ धरणार नाही, दोऱ्याने शिवून घेते.”

“पण हात...”

“असू द्यात तेलाचे. तेल आता सगळीकडे झालंच आहे.”

तो आत आला आणि भिंतीला, आपल्या डागाला, डोकं टेकून बसला. वडील खुर्चीतून म्हणाले, “वरखाली, तुझं अक्षर फार दाबून आहे रे!” तो लाजला, एवढा बाप्या, पण कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. पुस्तक त्याच्या पिशवीतच होतं. तिने सुई ओवली, पान जागेवर धरलं आणि दोऱ्याचं टोक त्याच्या हातात दिलं. पाच टाके पडले. पाचव्याला त्याचा फोन वाजला. कुठलीतरी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडून बसली होती.

“जायला हवं,” तो म्हणाला, आणि उठताना गुडघ्यावर हात ठेवून उठला. उठायचं त्याच्या जिवावर आलं होतं. तिलाही त्याला सोडायचं जिवावर आलं होतं.

“वहीत सही करून जा. नाहीतर तक्रार तशीच राहील.”

“राहू दे की. म्हणजे रोज यावं लागेल.”

तो दोन पायऱ्या उतरला, थांबला, मागे वळला. एवढं सगळं होऊनही काही ऐकायचं राहिल्यासारखा. तिला कळलं. आजवर त्याला ते कुणी विचारलं नव्हतं.

“दमलात का हो?” तिने विचारलं.

“खूप.”

“मग काम उरकलं की इकडेच या.”